एका वर्षाच्या दोन याद्या कशासाठी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वर्षअखेरच्या रविवार पुरवणीत २०२५ मधील मराठी चित्रपटांचा आढावा प्रसिद्ध झाला. सिनेमाविषयीचा मजकूर मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, तसा हाही वाचला आणि एरवी कात्रण काढून ठेवते ते न करता हे पत्र लिहायला बसले. आढाव्याच्या एका चौकटीत प्रेक्षकांनी पसंत केलेले म्हणून ‘दशावतार’, ‘गुलकंद’, ‘जारण’, ‘आता थांबायचं नाय’ असे चित्रपट दिले आहेत आणि त्यांच्यापुढे कोटींचे आकडे आहेत; शेजारच्या चौकटीत पुरस्कारप्राप्त म्हणून ‘साबर बोंडं’, ‘स्थळ’, ‘गोंधळ’ ही नावे आहेत आणि त्यांच्यापुढे देशी-परदेशी महोत्सवांची नावे आहेत. पहिल्या चौकटीतील चित्रपट पाहण्यासारखा आहे की नाही, हे वाचकाने गल्ल्यावरून ओळखायचे. दुसऱ्या चौकटीतील चित्रपटाबद्दल तेवढाही अंदाज बांधता येत नाही. तो कोणासाठी तरी असेल, पण आपल्यासाठी नसावा, असा समज मात्र पक्का होतो. या विभागणीला माझा आक्षेप आहे, आणि तो वर्षभरात पाहिलेल्या चित्रपटांच्या आधारेच मांडते.

आधी थोडे मागचे. मराठी चित्रपटात लोकांचे आणि पुरस्कारांचे असे दोन वेगळे घाट कधी नव्हते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला, मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, खेड्यापाड्यांतून बैलगाड्या जुंपून लोकांनी तो पाहिला, आणि त्याच चित्रपटाची १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, माझ्या आईच्या पिढीने तो पाहताना पदक आठवून डोळे पुसले नव्हते. ‘श्वास’ २००४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळवून आणि भारताची प्रवेशिका म्हणून ऑस्करला जाऊनही घराघरांत पोहोचला. फार लांब कशाला, ‘सैराट’ २०१६ च्या फेब्रुवारीत आधी बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि एप्रिलच्या अखेरीस इथल्या पडद्यावर आला. आपल्या पुरवणीची पद्धत तेव्हा वापरली असती, तर मार्चमध्ये तो दुसऱ्या चौकटीत बसला असता आणि मे महिन्यात तो उचलून पहिल्या चौकटीत ठेवावा लागला असता.

आता गेल्या वर्षाकडे येते. मला सर्वांत जास्त आवडलेला चित्रपट जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’. टोरांटोच्या महोत्सवात तो २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दाखवला गेला, तिथे त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्या राज्यात तो लागला ७ मार्च २०२५ रोजी, म्हणजे दीड वर्षाने, महिला दिनाच्या तोंडावर. ‘छावा’चा तो चौथा आठवडा होता आणि पडदे अजून त्याच्याच ताब्यात होते. (‘छावा’वर माझा राग नाही. विकी कौशल यांच्यासाठी आणि लहानपणी वाचलेल्या शिवाजी सावंतांच्या कादंबरीसाठी मीही तो पाहिला. कादंबरी पुन्हा वाचावीशी वाटली, चित्रपट पुन्हा पाहावासा वाटला नाही.) ‘स्थळ’ला जे काही खेळ मिळाले, ते सकाळी आणि भर दुपारी, जेव्हा नोकरदार माणूस कामावर असतो आणि कॉलेजातली मुलगी तासाला बसलेली असते. तरीही आम्ही पाहिला त्या खेळाला बायकांची संख्या बरी होती आणि मध्यंतरात चहाच्या रांगेत सगळ्या जणी एकमेकींना आपापल्या वेळचे किस्से सांगत होत्या. महोत्सवी म्हणून बाजूला ठेवलेल्या चित्रपटाचे हे वर्तन नव्हे.

गोष्ट साधी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात सविता नावाची मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे, आणि घरी तिला पाहायला पाहुणे येत आहेत. चित्रपट उघडतो तो सविताच्या स्वप्नाने: बाया खुर्च्यांवर बसल्या आहेत, मुलगा मान खाली घालून समोर बसला आहे आणि त्याला नाव, शिक्षण, उंची विचारली जात आहे. प्रेक्षागृहात इथे मोठा हशा पिकला. त्यानंतर तोच कार्यक्रम खऱ्या आयुष्यात, म्हणजे उलट बाजूने, पुन्हा पुन्हा होतो. पाहुणे येतात, सतरंजी अंथरली जाते, पोह्यांच्या बशा फिरतात, पुरुषांच्या रांगेसमोर मुलगी येऊन बसते आणि ठरलेल्या क्रमाने ठरलेले प्रश्न येतात. दिग्दर्शकाने हा प्रसंग गाळला नाही, आटोपताही घेतला नाही. पहिल्या वेळी आपण हसतो, दुसऱ्या वेळी पाहुण्यांचे चेहरे न्याहाळतो, आणि त्यापुढे सविताच्या आधी आपल्यालाच पुढचा प्रश्न पाठ झालेला असतो. शेतीकामाचा प्रश्न आला की माझ्या शेजारी बसलेली एक अनोळखी बाई दर वेळी ‘आता हे’ असे पुटपुटत होती. नकाराचे कारण येते ते रंगाचे किंवा उंचीचे. बाप कापूस पिकवणारा शेतकरी. कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला, हुंड्याचा हिशेब मनात घोळवणारा आणि मुलीवर मनापासून माया असणारा. त्याला खलनायक केलेले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटले. हिंगणघाटच्या बाजारात गाडी उभी करून भाव ऐकताच मान खाली घालणारे असे बाप आम्ही रोज पाहतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. वर्गात पहिल्या बाकावर बसून हात वर करणाऱ्या मुली पुढे कोणाच्या तरी ओसरीवर अशाच मान खाली घालून बसल्या, हे मला ठाऊक आहे. त्यांतल्या काहींच्या कार्यक्रमांना ‘मॅडम आल्या म्हणजे वजन पडते’ म्हणून मलाही बोलावणे असायचे आणि मी गेलेही आहे. त्यामुळे सविताच्या वर्गात समाजशास्त्राच्या तासाला स्त्रियांच्या सबलीकरणावर जे शिकवले जाते आणि तास संपल्यावर घरी जे घडते, त्यातली फट दाखवताना दिग्दर्शकाने कुठेही आवाज चढवलेला नाही, याचे मला अधिक कौतुक वाटते. भूमिकाही तिथल्याच लोकांनी केल्या आहेत. नंदिनी चिकटे या मुलीने सविताचे काम केले आहे. तिला संवाद थोडे आहेत, पण बोलावणे आल्यावर ओढणी सारखी करून बाहेर येतानाची तिची चाल प्रत्येक खेपेला थोडी बदलते, ती पाहण्यासारखी आहे.

आणखी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत मला फारशी दिसली नाही. विदर्भाची बोली मराठी पडद्यावर वर्षानुवर्षे आली ती हवालदाराच्या, गड्याच्या किंवा बावळट पाहुण्याच्या तोंडी, आणि ती आली की हसायचे असते असा अलिखित करारच होता. ‘स्थळ’मध्ये नायिका त्या बोलीत बोलते, तिचा बाप त्या बोलीत गप्प बसतो, आणि कोणालाही त्या बोलीमुळे हसू येत नाही, हसू येते ते प्रसंगामुळे. आमच्या भागातल्या प्रेक्षकाला हे जाणवायला कुठल्याही महोत्सवाचे प्रमाणपत्र लागत नाही. परंतु आपल्या पुरवणीने टोरांटोचे नाव छापले आणि चंद्रपूरचे छापले नाही.

दुसरा चित्रपट रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात २०२५ च्या जानेवारीत त्याला जागतिक कथापटांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि या पारितोषिकाचे ओझे त्याच्यावर इतके लादले गेले की तो काही तरी अवघड, अंधारा, समजायला कठीण चित्रपट असणार, अशी आमच्या गृहसंकुलात तरी सर्वांची खात्री झाली होती. आमच्या शहरात तो लागलाच नाही. नागपूरला जाऊन पाहावा लागला. सोबत माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या, ज्यांना चित्रपट म्हणजे गाणी आणि शेवटी लग्न एवढे पुरते. वडील वारल्यावर मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा आनंद आईबरोबर गावी येतो. दहा दिवसांचे सुतक, पाळायचे नियम, येणारे-जाणारे, आणि त्या सगळ्यांच्या तोंडी ‘आता लग्नाचे काय?’ हा प्रश्न. गावात त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या आहे, तोही बिनलग्नाचा, आणि त्यालाही घरून हाच तगादा आहे. दोघांमधले प्रेम हळूहळू उलगडत जाते. पार्श्वसंगीत नाही, आवाज आहेत ते शेरडांचे, वाऱ्याचे आणि भांड्यांचे. निवडुंगाची लाल फळे, ज्यांच्यावरून चित्रपटाला नाव मिळाले, बाळ्या आनंदसाठी आणतो तो प्रसंग मी पुन्हा पाहीन.

जाऊबाई पूर्ण वेळ जाग्या होत्या, हे आधी सांगते. सुतकातल्या रीती नेमक्या दाखवल्या आहेत की नाहीत, यावर त्यांचे बारीक लक्ष होते आणि त्यांनी एकदोन ठिकाणी मान हलवून पसंतीही दिली. बाहेर पडल्यावर मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, “आईले सगळं मालूम होतं, पण ते बोलली नाही. शहाणी बाई हाये.” जयश्री जगताप यांनी केलेल्या आईच्या भूमिकेवर मी वाचलेल्या कोणत्याही परीक्षणात याहून नेमके वाक्य मला सापडलेले नाही. दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या गोष्टीला आपला प्रेक्षक तयार नाही, असे जे चित्रपटगृहांचे चालक आणि कधी कधी वृत्तपत्रेही परस्पर ठरवून टाकतात, ते कोणाला विचारून ठरवतात, हे मला कळत नाही. त्या गोष्टीत सुतक आहे, भाऊबंद आहेत, जमिनीच्या वाटण्यांवरचे टोमणे आहेत, पोराची काळजी आहे. यातले आमच्या जाऊबाईंना परके काय होते?

याचा अर्थ गर्दी खेचणाऱ्या चित्रपटांना मी कमी लेखते, असे कृपया समजू नये. सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ मी आवर्जून पाहिला आणि दिलीप प्रभावळकर यांच्यासाठी तिकिटाचे पैसे दुप्पट असते तरी दिले असते. वयाच्या ऐंशीनंतर या माणसाने उभा केलेला बाबुली मेस्त्री, दृष्टी अधू होत चाललेली असताना रंग फासून देवळापुढच्या मांडावर उभा राहणारा, मालवणी अशी बोलणारा की ती शिकून घेतलेली वाटू नये, हा वर्षातला सर्वांत मोठा अभिनय आहे. दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतो, लिखित संहितेशिवाय, कथानकाचा सांगाडा तेवढा ठरवून, हार्मोनियम-मृदंग-झांजेच्या साथीने रात्रभर नाटक उभे करतो आणि सकाळी पुन्हा शेतावर किंवा कामावर जातो. ही सगळी मेहनत पूर्वार्धात अंगाला भिडते. तक्रार आहे ती उत्तरार्धाविषयी. बाप आणि मुलगा यांची गोष्ट, जी इतकी जिवंत होती, ती सूडकथेच्या हवाली केली जाते. खाणीच्या निमित्ताने गावाच्या मुळावर आलेली मंडळी एकाच सुरात दुष्ट आहेत आणि अवतारांचा वापर मारामारीच्या प्रसंगांपुरता उरतो. सिंधुदुर्गातली माणसे खाणींविषयी इतक्या सरळ रेषेत विचार करत नसावीत. कोणाला नोकरी हवी असते, कोणाला बागायत वाचवायची असते, आणि एकाच घरात दोन्ही बाजू असतात. पूर्वार्धातला मुलगा नेमका याच पेचात होता! हे लिहिण्याची जागा म्हणजे वर्षअखेरचा आढावा. पण चित्रपट चांगला चालला म्हणून तो चौकटीत गेला आणि चौकटीत गेला म्हणून त्याच्यावर काही बोलायचे राहून गेले. अशाने ‘दशावतार’वरही अन्यायच होतो, कारण त्यातले उत्तम काय आणि ढिले काय, हेही कोणी सांगितले नाही.

शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय’ मी माझ्या यादीत वर ठेवते आणि त्याची कारणे थोडी खासगी आहेत. मुंबई महानगरपालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कामगारांनी रात्रशाळेत जाऊन दहावी केली, या खऱ्या घटनेवर तो बेतला आहे. दिवसा गटारात उतरणारा माणूस संध्याकाळी अंघोळ करून बाकावर बसतो आणि वही उघडताना आजूबाजूला बघतो, त्या बघण्यात जी लाज आहे ती भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांनीही ओळखली आहे. प्रौढ विद्यार्थ्यांना मी शिकवले आहे. गणित त्यांना मुलांपेक्षा लवकर येते, कारण व्यवहार त्यांना पाठ असतो. पेन धरलेला हात मात्र वर्गासमोर पुढे येत नाही. चित्रपटात भावनांचा भर जरा जास्त होतो, एकदोन प्रसंगी संगीत आपल्याला रडायचा हुकूम सोडते, तरी मी ते माफ केले. साक्षरता वर्गाला बसलेल्या बाया-पुरुषांना हा चित्रपट फुकट दाखवावा, एवढी शासनाला सूचना करावीशी वाटते.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. ‘जारण’ अमृता सुभाष आणि अनिता दाते यांच्यासाठी पाहावा, आणि शक्यतो दिवसाच्या खेळाला; करणी आणि मनाचा आजार यांच्या सीमेवर तो प्रेक्षकाला बराच वेळ झुलवत ठेवतो, जे भयपट म्हणून उत्तम आहे, पण जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली जिथे झाला त्या राज्यात त्यावर चर्चा व्हायला हवी होती, ती झाली नाही. ‘एप्रिल मे ९९’ मधली कोकणातली सुट्टी गोड आहे, मुलांची कामे निर्मळ आहेत, गोष्ट मात्र हातून निसटते. ‘गुलकंद’ला खूप हसले आणि घरी येईपर्यंत बरेचसे विसरले, दूरचित्रवाणी वाहिन्यांवरच्या प्रहसनांची सवय चित्रपटाच्या लांबीला पुरत नाही. ‘फसक्लास दाभाडे’ भावंडांच्या भांडणात खरा वाटतो. हिंदीत नीरज घेवान यांचा ‘होमबाउंड’ वर्षातला सर्वोत्तम, आणि तोही आमच्याकडे आठवडाभरात गायब झाला.

आता मुद्दा राहतो तो असा की, दोन चौकटींमधले चित्रपट स्वभावाने वेगळे नसतील तर त्यांच्या गल्ल्यात एवढा फरक का. आवडीनिवडीचा भाग थोडा असेलच. सूडकथा पाहायला जेवढे लोक जातात तेवढे सुतकाची गोष्ट पाहायला जाणार नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु मोठा भाग खेळांच्या संख्येचा आणि वेळेचा आहे. परवान्यासाठी प्रत्येक चित्रपटगृहाने वर्षात चार आठवडे, म्हणजे ११२ खेळ, मराठी चित्रपटांना द्यावेत असा नियम आहे. एप्रिल २०१५ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपट संध्याकाळी सहा ते नऊ या मोक्याच्या वेळेत दाखवावा, असे शासनाने जाहीर केले. गदारोळ झाला, आणि मोक्याची वेळ दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत ताणली गेली. दुपारी बाराला मोक्याची वेळ मानणारा माणूस आयुष्यात कधी नोकरीला गेला नसावा. नियम पाळला गेला असे कागदावर दाखवायला मंगळवारी साडेबाराचा खेळ पुरतो, आणि तो रिकामा गेला की ‘प्रेक्षकच नाहीत’ म्हणायला चालक मोकळे.

दोष सगळा चित्रपटगृहांचाही नाही. गेल्या १२ सप्टेंबरला ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ हे तीन मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी लागले आणि पुढच्याच शुक्रवारी ‘साबर बोंडं’ आला. १ मे रोजी ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय’ समोरासमोर होते, शिवाय हिंदीतला ‘रेड २’. मराठीचा प्रेक्षक मर्यादित आहे, महिन्यात घरातल्या चौघांनी एकदा चित्रपट पाहायचा म्हटले तरी खिशाला चांगली फोडणी बसते, आणि त्यातून निर्माते आपसांत तारखा वाटून घेत नाहीत. असाच प्रकार २०२३ च्या दिवाळीत झाला होता. १० नोव्हेंबरला ‘नाळ भाग २’ आणि सुजय डहाके यांचा नवा ‘श्यामची आई’ एकाच दिवशी आले, दोनच दिवसांनी ‘टायगर ३’ आला आणि दोघांचेही खेळ आटले. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘श्यामची आई’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, ‘नाळ भाग २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला, शिवाय त्यातल्या तिन्ही मुलांचा गौरव झाला, आणि त्याच वर्षीच्या ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडे यांना पदार्पणाचा सन्मान मिळाला. बातमी आपल्या पहिल्या पानावर होती. चित्रपट तोवर पडद्यावरून उतरून पावणेदोन वर्षे झाली होती. आदिनाथ कोठारे यांच्या ‘पाणी’चे तर याहून उलटे झाले: पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २०१९ मध्ये जाहीर झाला आणि नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची ती गोष्ट नांदेडच्या लोकांना पडद्यावर दिसायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला.

म्हणूनच सरकारी पुरस्कारांची वाट न पाहता वृत्तपत्राने त्या त्या वर्षाची आपली निवड सांगणे मला गरजेचे वाटते. ती निवड एकच असावी. तीत ‘स्थळ’ आणि ‘दशावतार’ शेजारी यावेत, कोण वर आणि कोण खाली हे परीक्षकाने स्वतःच्या नावाने आणि कारणासह लिहावे, आणि वाचकाने त्याच्याशी भांडावे. माझा क्रम ‘स्थळ’, ‘साबर बोंडं’, ‘आता थांबायचं नाय’, ‘दशावतार’ असा आहे आणि चौथ्याला दुसरा म्हणणाऱ्याशी मी आनंदाने वाद घालीन. गल्ल्याचे आकडे हवे तर व्यापाराच्या पानावर द्यावेत. ते खरे किती आणि निर्मात्याच्या जाहिरातीतून उचललेले किती, हे तपासण्याची सोय तिथे अधिक असावी.

दुसरी विनंती विदर्भ आवृत्तीपुरती आहे. चित्रपटांची परीक्षणे आमच्या अंकात रविवारी येतात. मोठ्या चित्रपटाला त्याने फरक पडत नाही, पण ज्याला शुक्रवार ते गुरुवार एवढेच आयुष्य मिळणार आहे, त्याचे निम्मे आठवडी आयुष्य परीक्षण वाचेपर्यंत संपते. परीक्षण शनिवारच्या अंकात आणता आले आणि त्याखाली विदर्भात तो चित्रपट कोणत्या गावी, कोणत्या वेळेला आहे याची दोन ओळींची नोंद देता आली, तर वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या वाचकांना नागपूरची बस धरायची की नाही हे वेळेत ठरवता येईल. तिकीट काढण्याच्या अ‍ॅपवर हे सगळे दिसते, हे खरे. पण ज्या चित्रपटाचे नावच ऐकलेले नाही, तो अ‍ॅपवर कोण शोधणार?

जाता जाता एक शंका. संतोष डावखर यांना ‘गोंधळ’साठी नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला. चित्रपट १४ नोव्हेंबरला प्रदर्शित झाला होता, आमच्याकडे तो आलाच नाही, त्यामुळे माझ्या क्रमात त्याचे नाव नाही. त्याचे परीक्षण आपल्या अंकात आले होते का, हे पाहण्यासाठी मी घरातले नोव्हेंबरचे अंक चाळले, पण मला ते सापडले नाही. आले असल्यास कृपया तारीख कळवावी. राहिले असल्यास अजूनही छापता येईल.

कळावे.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त शिक्षिका), वर्धा